गाडी पसंत करण्याआधी सामानाचे दुकान बघा



घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेला आपला माणूस कसा वागतो, ते जरा आठवून बघा. तो दात बघतो, कास चाचपतो, चारी सड मोकळे आहेत का ते पाहतो. जमलेच तर एक वेळचे दूध डोळ्यांसमोर काढून घेतो. म्हैस कुठल्या गावची, कितव्या वेताची, का विकायला काढली, हे तो आडून आडून विचारतो. दोन ओळखीची माणसे सोबत नेतो आणि भाव पटला नाही तर मोकळ्या हाताने घरी येतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आता हाच माणूस मोटारसायकल घ्यायला जातो तेव्हा काय करतो? रंग बघतो. ॲव्हरेज किती देते ते विचारतो. महिना हप्ता किती बसेल तेवढे ऐकतो आणि सह्या करतो. अर्ध्या तासात व्यवहार संपतो, गाडीला हार पडतो आणि पेढ्यांचा पुडा फुटतो. आज साध्या मोटारसायकलीला चांगल्या म्हशीइतके पैसे पडतात. मग म्हशीला लावतो तेवढा वेळ आपण गाडीला का लावत नाही?

हा प्रश्न मी तुम्हाला विचारतो आहे खरा, पण त्याचे उत्तर आधी मलाच द्यायला हवे. म्हणून आज घरचीच गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आनंद होत नाही, पण तिच्यातून कुणाचे नुकसान वाचले तर बरे.

माझा भाचा एका बियाण्यांच्या कंपनीत लागला होता. नोकरी ठेकेदाराकडची, पण कामाला बरी होती. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, राहुरी अशा चार तालुक्यांतल्या दुकानांत जायचे, माल किती शिल्लक आहे ते लिहून घ्यायचे, शेतकऱ्यांना भेटायचे. रोजचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर फिरणे. अट एकच होती, की गाडी स्वतःची पाहिजे. पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळत.

गाडी घ्यायच्या वेळी त्याने मला सोबत नेले. दोन गाड्या समोर होत्या. एक नेहमीची, गावात पन्नास जणांकडे असलेली. दुसरी नव्या कंपनीची. तिचे इंजिन मोठे, सीट रुंद, दिवा झगझगीत आणि किंमत उलट दहा हजारांनी कमी. मी म्हणालो, "अरे, लांबच्या प्रवासाला हीच बरी. कमी पैशात जास्त गाडी मिळते आहे. घे."

संध्याकाळी गाडी दारात आली. बहिणीने तिला कुंकू लावले, ओवाळले आणि मला विचारले, "दादा, ह्या गाडीचं सामान आपल्या घोडेगावात मिळतं का?"

आम्ही हसलो. भाचा म्हणाला, "आई, नवी गाडी आहे. तिला सामान कशाला लागतंय आत्ताच?" बहीण काही बोलली नाही. पण तिच्या विचारण्यामागे अनुभव होता. तिच्या घरी एक मिक्सर होता. त्याच्या भांड्याचे रबर फाटले तेव्हा तसले रबर नगरच्या बाजारातही मिळाले नव्हते आणि चांगला चालणारा मिक्सर माळ्यावर गेला होता. पाच-दहा रुपयांच्या रबरापायी यंत्र बसते, हे तिला ठाऊक होते. आम्हाला दोघांना नव्हते.

दीड वर्ष गाडी छान चालली. मग ऐन जून महिन्यात, पेरणीची आणि बियाण्यांची धांदल चालू असताना, पाथर्डीच्या रस्त्यावर ती बंद पडली. टेंपोत घालून घरी आणली. आमच्या मिस्त्रींनी पाहिले. पेट्रोल येत होते, प्लगला ठिणगी होती, पण इंजिन चालू राहत नव्हते. पेट्रोलचे आणि हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या भागावर एक बोटभर सेन्सर असतो, तो गेला असावा, असे ते म्हणाले. नक्की सांगायला त्या कंपनीचा स्कॅनर लागेल. तो त्यांच्याकडे नव्हता.

ज्या दुकानातून गाडी घेतली होती तिथे गेलो, तर त्या दुकानदाराने ती एजन्सीच सोडून दिली होती. पाटी दुसऱ्या कंपनीची लागली होती. दुसरे दुकान परजिल्ह्यात. तिथे गाडी नेली तेव्हा कळले, की तो सेन्सर एकटा मिळत नाही, त्याच्यासकट पूर्ण भाग घ्यावा लागतो आणि तो मागवावा लागेल. "आठ दिवसांत येईल," असे सांगितले. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस. बावन्नाव्या दिवशी भाग आला.

तोवर पेरण्या उरकल्या होत्या. ठेकेदाराने पहिले दहा दिवस सांभाळून घेतले. भाच्याने शेजाऱ्याची गाडी मागून काही दिवस काम रेटले, पण रोज कोण देणार? ज्या महिन्यात खरे काम, त्याच महिन्यात हा घरी. ठेकेदाराने दुसरा मुलगा घेतला. त्यालाही दोष देता येत नाही. गाडी उभी होती, पण तिचा हप्ता उभा राहिला नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जात होता. भाच्याला पुढे चार महिन्यांनी दुसरे काम मिळाले, आधीपेक्षा कमी पगाराचे.

मंडळी, त्या गाडीचे इंजिन वाईट नव्हते. वाईट होते ते तिच्या मागे उभे राहायला कुणी नसणे.

आता हे असे का होते, ते नीट समजून घेऊ. गाडीचा सुटा भाग कारखान्यातून निघाला की कंपनीच्या मोठ्या गोदामात येतो. तिथून जिल्ह्याच्या वितरकाकडे किंवा शोरूमवाल्याकडे, तिथून तालुक्याच्या सामानाच्या दुकानात आणि शेवटी आपल्या मिस्त्रीच्या हातात. या साखळीत प्रत्येकाला आपले पैसे मालात अडकवावे लागतात. म्हणून दुकानदार खपणारा माल ठेवतो. ब्रेक शू, क्लच वायर, प्लग, चेन-स्प्रॉकेट, एअर फिल्टर ही रोज खपणारी चीज. ती तो भरून ठेवतो. सेन्सर, वायरिंगचा पूर्ण संच, मीटर, इंजिनाचे आतले गियर हे वर्षातून एखादे वेळी खपणार. ते तो ठेवत नाही, मागवतो. आणि ज्या गाडीची तालुक्यात मिळून पाच-सहाच गिऱ्हाइके आहेत, तिचे साधे ब्रेक शूदेखील तो कशाला ठेवील? त्याच्या जागी आपण असतो तर आपणही ठेवले नसते.

म्हणजे गाडीचे सामान मिळणे हे कंपनीच्या जाहिरातीवर फारसे अवलंबून नसते. तशा गाड्या आपल्या भागात किती आहेत, यावर ते ठरते. तुमच्याजवळ जी गाडी आहे तीच शेजाऱ्याजवळ असेल, तर शेजारीही नकळत तुमच्यासाठी दुकानात माल भरून ठेवत असतो.

आपल्या घोडेगावच्या रस्त्यानेच हे दाखवून दिले आहे. हा नगर ते छत्रपती संभाजीनगर रस्ता बघा. एका टोकाला नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. तिथल्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लुना आणली. पन्नास सी. सी.चे इंजिन, सायकलीसारखे पायडल, बंद पडली तर मारत घरी यायचे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला वाळूज. तिथे १९८५ साली बजाजचा कारखाना सुरू झाला. दोन कारखान्यांच्या मधोमध आपले गाव. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, शिंगणापूरच्या फाट्यावरचे व्यापारी अशा कितीतरी घरांत या गाड्या आल्या. कारखाना जवळ होता, गाड्या घरोघर होत्या आणि बिघाड उघड्या डोळ्यांनी दिसण्यासारखे होते. म्हणून तिचे सामान मिळे आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री पारावर भेटे.

याच्या उलट बाजूही सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची येझदी आपल्यापैकी पुष्कळांनी चालवली असेल. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तरी येझदी रस्त्यावरून एकाएकी नाहीशी झाली नाही. कारण तिचे जाणकार मिस्त्री गावोगाव होते आणि गाड्यांची संख्या मोठी होती. कुणी जुन्या गाडीचे भाग काढून दुसरीला बसवले, कुणी लेथवर बुश कातून घेतले. कंपनी गेली तरी मिस्त्री राहिला, म्हणून गाडी राहिली. पुढे जावाचे नाव २०१८ साली आणि येझदीचे २०२२ साली बाजारात परत आले, पण त्या नव्या गाड्या. लुनाचे नावही २०२४ साली विजेवरच्या गाडीला मिळाले. नाव ओळखीचे म्हणून जुन्या लुनाचे सामान तिला चालेल, असे कुणी समजू नये.

हिरो आणि होंडा यांचे उदाहरण घ्या. दोघांनी मिळून काढलेली सी. डी. शंभर १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. २०१० साली दोघे वेगळे व्हायचे ठरले तेव्हा गावात चर्चा होती, की आता सामानाचे काय होणार? काही बिघडले नाही. एवढ्या गाड्या रस्त्यावर होत्या, की त्यांचे सामान विकणे हाच मोठा धंदा होता.

आणि महाग गाडी घेतली म्हणजे ही काळजी मिटते, असेही नाही. अमेरिकेची हार्ले-डेव्हिडसन ही जगातली नावाजलेली गाडी. तेव्हा तिची किंमत आपल्याकडे ट्रॅक्टरएवढी आणि त्याहून जास्त होती. २०२० सालच्या सप्टेंबरात तिने हरियाणातला आपला कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. लांब लांबच्या सफरी करणारे तिचे मालक काळजीत पडले. पुढच्याच महिन्यात हिरो मोटोकॉर्पबरोबर करार झाला आणि विक्री, सामान व दुरुस्ती हिरोकडे आली. ते मालक सुटले. पण ज्या गाडीला असा पाठीराखा मिळत नाही, तिच्या मालकाने काय करायचे?

आणखी एक बदल लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक मोटारसायकलींना कार्बुरेटर जाऊन इंजेक्शनचे यंत्र आले. त्यामुळे धूर कमी झाला, थंडीत गाडी एका बटणावर चालू होऊ लागली. पण पूर्वी कार्बुरेटरात कचरा अडकला तर मिस्त्री जेट काढून फुंकर मारी आणि गाडी चाले. आता गाडीच्या पोटात छोटा संगणक आणि चार-पाच सेन्सर आहेत. तिथे फुंकर चालत नाही. स्कॅनर लावावा लागतो आणि बिघडलेला भाग बदलावा लागतो. म्हणून पूर्वी जो प्रश्न आपण विचारला नाही तरी चालत होते, तो आता विचारलाच पाहिजे.

तर गाडी घेण्यापूर्वी काय काय करावे, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, बाजारच्या दिवशी घोडेगावच्या फाट्यावर किंवा तुमच्या गावच्या बाजारतळावर अर्धा तास उभे राहा आणि उभ्या असलेल्या मोटारसायकली मोजा. तुमच्या मनातली गाडी शंभरात किती दिसते? दहा-वीस दिसल्या तर निर्धास्त राहा. एखादीच दिसली तर तिच्या मालकाला चहा पाजा आणि त्याला विचारा. विकणाऱ्यापेक्षा वापरणारा खरे सांगतो.

दुसरी गोष्ट, शोरूममध्ये गेल्यावर आधी सामानाच्या खिडकीवर जा. गाड्या जिथे चमकतात तिथे नंतर गेले तरी चालेल. सोबत कागदावर सहा भागांची नावे लिहून न्या: क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेटचा संच, मागचे ब्रेक शू, हेडलाइटची काच, क्लचचा दांडा आणि इग्निशन कॉईल. खिडकीवरच्या माणसाला विचारा, "यातलं आज कपाटात काय आहे? किंमत काय?" सहापैकी चार-पाच भाग असतील तर दुकान जागे आहे. "मागवून देऊ" असे दोनदा-तीनदा ऐकू आले, तर आपण काय समजायचे ते समजावे.

तिसरी गोष्ट, तुमचा रोजचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. दूध घालायला, माल पोहोचवायला, नोकरीला तुम्ही ज्या रस्त्याने जाता, त्या रस्त्यावर त्या कंपनीची दुरुस्तीची दुकाने किती आहेत? एकच दुकान असेल तर ते उद्या बंद झाल्यावर दुसरे किती लांब? आमच्या भाच्याच्या बाबतीत हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होता.

चौथी गोष्ट, गावच्या मिस्त्रीला विचारा. "ही गाडी तुम्ही खोलली आहे का? हिचा स्कॅनर आहे का?" तो "नाही" म्हणाला तर त्याचा राग मानू नका. त्याने तुमचे पैसे वाचवले.

पाचवी गोष्ट, अगदी नवे मॉडेल आले की पहिल्या वर्षी दुसऱ्याला घेऊ द्या. आणि एखाद्या गाडीवर एकदम मोठी सूट निघाली तर विचारा, की हे मॉडेल बंद तर होत नाही ना? बंद होणारी गाडी वाईटच असते असे नाही. लाखांनी खपलेली असेल तर तिचे सामान पुष्कळ वर्षे मिळत राहते. थोडीच खपलेली असेल तर स्वस्तातली गाडीही महागात जाते.

विजेवरची गाडी घेणार असाल तर हेच सारे प्रश्न बॅटरी, कंट्रोलर आणि चार्जर यांच्याबद्दल विचारा. तिथे बॅटरी हाच सर्वांत महाग सुटा भाग. हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि बॅटरी बदलायला कुठे न्यायची, हे लेखी घ्या.

आता गाडी घेतल्यावरचे. हमीच्या काळातल्या सर्व्हिसिंग वेळच्या वेळी कंपनीच्या दुकानातच करा आणि पुस्तिकेवर शिक्का घ्या. एक सर्व्हिसिंग चुकली म्हणून हमी नाकारल्याच्या तक्रारी होतात. ही पुस्तिका, बिले आणि गाडीची कागदपत्रे शिधापत्रिकेच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी घरातल्या बाईच्या ताब्यात द्या. पुरुषाच्या खिशातला कागद पावसात भिजतो, पेटीतला राहतो. गाडीचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर वहीत उतरवून ठेवा. सामान मागवताना ते नंबर सांगितले म्हणजे चुकीचा भाग येत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात.

स्वस्त डुप्लिकेट सामानाचा मोह सगळ्यांनाच होतो. मडगार्ड, आरसा, सीट कव्हर दुसऱ्या बनावटीचे घेतले तर फारसे बिघडत नाही. पण ब्रेक शू, बेअरिंग, चेन, टायर आणि क्लच प्लेट यांत पैसे वाचवू नका. चेन बदलायची तर दोन्ही चाकऱ्यांसकट संच बदला. जुन्या चाकरीवर नवी चेन टाकली तर ती लवकर खराब होते.

ज्यांना रोज लांबचा पल्ला आहे, किंवा नवरात्रात जे तरुण तुळजापूरहून ज्योत आणायला गाडी घेऊन जातात, त्यांनी एक छोटी पिशवी सीटखाली ठेवावी. तिच्यात असावे: प्लग आणि प्लग पाना, एक क्लच वायर, एक ॲक्सिलरेटर वायर, दोन फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचे लॉक, इन्सुलेशन टेप, हातभर तार, पक्कड आणि पंक्चरचे सामान. ट्यूबचे चाक असेल तर एक ट्यूबही ठेवावी. लांब फिरणारे जुने लोक एक युक्ती करतात. नवी क्लच वायर ते जुन्या वायरीच्या शेजारीच ओवून बांधून ठेवतात. जुनी तुटली की फक्त टोके बदलायची, दहा मिनिटांत पुढे निघायचे. चेनचे लॉक बसवताना त्याचे बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या बाजूला असावे, उघडे तोंड मागे. उलट बसवले तर ते वाटेत उडून जाते.

इतके करूनही वेळ आली आणि सामान आले नाही, तर काय करायचे? नुसते हेलपाटे घालू नका. गाडी दुरुस्तीला टाकली की जॉब कार्ड मागून घ्या, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले बघा. भाग मागवायला आगाऊ पैसे दिले तर पावती घ्या आणि भाग कधी येईल ते तिच्यावर लिहून मागा. तारीख टळली की कंपनीच्या ग्राहक विभागाला फोन करा, तक्रारीचा नंबर घ्या आणि शिवाय एक साधे पत्र स्पीड पोस्टने पाठवा. पत्रात रागाचे शब्द नकोत, फक्त तारखा लिहा. तारखांना उत्तर द्यावे लागते.

त्यानेही हलले नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. फोन फुकट आहे. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली झाला आणि २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आपल्या सोयीच्या काही गोष्टी आहेत. वस्तू पुण्याला घेतली असली तरी तक्रार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र ती करावी लागते. "तुम्ही गाडी धंद्याला वापरता, तुम्ही ग्राहक नव्हे," असे कुणी म्हणाले तर घाबरू नका. जो स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवतो, तो दूधवाला असो वा फेरीवाला, कायद्याने ग्राहकच आहे.

आम्ही हे केले का? नाही. आमच्याजवळ जॉब कार्ड नव्हते, आगाऊ दिलेल्या पैशांची पावती नव्हती. "आठ दिवसांत येईल" हे सगळे तोंडी होते. तोंडी शब्द आयोगापुढे कसा मांडणार? कायदा आपल्या बाजूने होता, पण आपल्या हातात कागद नव्हता.

आता भाचा पुन्हा गाडीवर फिरतो. ती मोठी गाडी त्याने मिळेल त्या किमतीला विकली आणि गावात पन्नास जणांकडे आहे तीच गाडी जुनी घेतली. विकलेल्या गाडीच्या कर्जातले थोडे हप्ते अजून राहिले आहेत. ते निम्मे मी भरतो. त्याने मागितले नाही, पण त्या दिवशी "घे" म्हणणारा मी होतो.

ही जुनी गाडी आणायला निघालो तेव्हा बहिणीलाही सोबत नेले. तिने सामानाच्या खिडकीवर जाऊन विचारपूस केली, किमती लिहून घेतल्या आणि मगच होकार दिला. दुकानदार थोडा चकित झाला. पण त्याने उत्तरे नीट दिली.

तुमच्या भागात कोणत्या गाडीचा कोणता भाग मिळत नाही, आणि कोणत्या गावात प्रामाणिक मिस्त्री आहे, हे आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. आलेल्या पत्रांतली उपयोगाची माहिती याच पानावर देऊ. पुढच्या आठवड्यात भेटूच.

रामराम.